हिरकणीचा आहार : व्हेल्ड कॅमेलिऑनच्या पोषणाच्या नोंदी

11 मार्च 2023

न्यू जर्सीतील एका कुटुंबाला सांभाळणे अशक्य झालेली एक मादी व्हेल्ड कॅमेलिऑन, म्हणजे डोक्यावर उंच तुरा असलेली सरड्याची एक जात, आज आम्ही घरी आणली. तिचे वय सुमारे आठ महिने असून नाव हिरकणी ठेवले आहे. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील आहे. अमेरिकेत पिंजऱ्यात पैदास झालेली पिल्ले सर्रास विकली जातात. भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. आपल्या रानांत आढळणारा भारतीय कॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि या नोंदी त्या कामासाठी नाहीत.

हिरकणीचे वजन 64 ग्रॅम भरले. तिच्या पुढच्या पायांची कोपरे बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेली आहेत. फांदीवर चढताना तिची पकड सुटते आणि मग ती शेपटीच्या आधाराने स्वतःला सावरते. समोर ठेवलेल्या रातकिड्यावर तिने नेम धरला, तोंड उघडले, जीभ बाहेर आली, पण तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच लोंबकळून परत गेली. निरोगी कॅमेलिऑनची जीभ शरीराच्या लांबीहूनही अधिक अंतर गाठते, त्यामुळे जीभ अशी तोकडी पडणे हे केवळ अशक्तपणाचे लक्षण मानता येत नाही. जिभेच्या स्नायूंना कॅल्शियम लागते आणि ते कमी पडले की जीभ फेकली जात नाही.

पूर्वीच्या घरी तिला रातकिडे आणि सुपरवर्म (एका भुंगेऱ्याच्या मोठ्या अळ्या) दिले जात. त्यांवर ड जीवनसत्त्वयुक्त कॅल्शियमची पूड रोज लावली जाई. पिंजरा खिडकीच्या काचेजवळ होता आणि वर पिळदार आकाराचा छोटा अतिनील दिवा होता. पूड रोज मिळत असूनही हाडे मऊ का झाली, याचे उत्तर शोधणे हे या प्रकल्पाचे पहिले काम आहे.

14 मार्च

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासणी आणि एक्स-रे मिळून 310 डॉलर खर्च झाला. एक्स-रेमध्ये हाडांची घनता कमी दिसली आणि डाव्या पुढच्या पायात एक जुने, आपोआप जुळलेले अस्थिभंगाचे चिन्ह आढळले. जबडा दाबून पाहिल्यावर किंचित लवचीक लागला. निदान चयापचयजन्य अस्थिविकाराचे, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडे मऊ होण्याच्या आजाराचे झाले, परंतु तो अजून आटोक्यात येण्यासारखा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

त्यांनी तोंडातून द्यायचे द्रवरूप कॅल्शियम लिहून दिले. मात्रा मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वजनावर आणि रक्ततपासणीवर ठरते आणि दुसऱ्याच्या प्राण्याची मात्रा उचलून वापरणे धोक्याचे आहे. ड जीवनसत्त्वाची पूड मात्र त्यांनी तूर्त पूर्ण थांबवली. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि शरीरात साठत राहते. अतिरेक झाल्यास कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जमू लागते. अतिनील प्रकाशाने त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाबाबत हा धोका उरत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त तयार झालेला पूर्वघटक त्याच प्रकाशाने निरुपद्रवी संयुगांत बदलून जातो. म्हणून आधी दिवा, मग पूड, असा क्रम ठरला.

18 मार्च

पिळदार दिवा काढून टाकला. त्याच्या जागी 60 सेंटिमीटर लांबीची टी-5 प्रकारची (बारीक व्यासाची) 6 टक्के अतिनील-ब किरण, म्हणजे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण, देणारी नळी, मागे परावर्तक पत्रा असलेल्या पेटीसह बसवली. नळी आणि पेटी मिळून 92 डॉलर लागले. जुन्या दिव्याचा उपयुक्त किरणांचा पट्टा इतका अरुंद होता की, हिरकणी फांदीवर थोडी सरकली तरी ती त्या पट्ट्याबाहेर जात असे. खिडकीच्या काचेचा तर या कामी काहीच उपयोग नव्हता, कारण साधी काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते आणि ऊन कितीही लखलखीत दिसले तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही.

उष्णतेसाठी वेगळा साधा दिवा ठेवला आहे. तापण्याच्या फांदीवर 29 अंश सेल्सिअस आणि पिंजऱ्याच्या खालच्या भागात 22 ते 23 अंश असा फरक राखला आहे. त्वचेत किरणांनी तयार झालेल्या पूर्वघटकाचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होण्यासाठी उष्णताच लागते आणि गार अंगाने खाल्लेला किडा नीट पचतही नाही. त्यामुळे हे दोन दिवे शेजारी शेजारी, एकाच फांदीवर पडतील असे लावले आहेत.

25 मार्च

आठवडाभर नवी नळी चालू होती, परंतु ती फांदीवर प्रत्यक्ष किती किरण पोहोचवते हे डोळ्यांना कळत नाही. येथील एका कॅमेलिऑनपालकांनी अतिनील निर्देशांक मोजणारे मीटर दोन दिवसांसाठी उसने दिले. नवे घ्यायचे तर तेव्हा अडीचशे डॉलरच्या आसपास पडले असते. फांदीवर, म्हणजे नळीपासून साधारण 35 सेंटिमीटरवर, निर्देशांक केवळ 1.2 आला. हवा होता 3 च्या आसपास.

याची दोन कारणे निघाली. पहिले कारण अंतर, आणि दुसरे पिंजऱ्याच्या छताची बारीक जाळी. जाळीच्या वर आणि खाली मीटर धरून पाहिले तेव्हा जाळीच जवळजवळ तिसरा हिस्सा किरण गिळत असल्याचे दिसले. जाळी काढता येत नाही, कारण मग हिरकणी नळीला चिकटून भाजून घेईल. म्हणून फांदीच वर घेतली. नळीपासून तिच्या पाठीपर्यंत सुमारे 20 सेंटिमीटर अंतर राहिल्यावर निर्देशांक 2.9 आला. अंतर मोजताना फांदीपर्यंत नव्हे, प्राण्याच्या पाठीपर्यंत आणि डोक्यावरच्या तुऱ्यापर्यंत मोजावे लागते. व्हेल्डचा तुरा उंच असल्याने हा फरक मोठा पडतो. या आकड्यांवर विसंबून दुसऱ्या कोणी आपली फांदी बसवू नये. नळी, परावर्तक आणि जाळी बदलली की आकडे बदलतात. मीटर विकत घेणे परवडत नसेल तर एका दिवसासाठी उसने मिळवावे, पण मोजल्यावाचून राहू नये.

पिंजऱ्यात मनी प्लांट आणि जास्वंद यांची दाट पाने अशा रीतीने ठेवली आहेत की, तिला नको वाटेल तेव्हा निर्देशांक शून्याच्या जवळ असलेल्या सावलीत जाता यावे.

2 एप्रिल

आता पूड. रातकिड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. कॅमेलिऑनच्या आहारात हे प्रमाण उलटे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असायला हवे. म्हणून ड जीवनसत्त्व आणि फॉस्फरस या दोन्हींविना असलेली साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड आणली, 9 डॉलरला 230 ग्रॅम. डबा घेताना मागचा मजकूर वाचणे आवश्यक आहे, कारण हाडांच्या पुडीत किंवा डायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये पुन्हा फॉस्फरस येतोच आणि मूळ असमतोल दुरुस्त होत नाही.

पहिल्या खेपेस रातकिडे पुडीत घोळून पिंजऱ्यात मोकळे सोडले. ते पानांमागे शिरले आणि पाय घासून अंग स्वच्छ करू लागले. मी एका रातकिड्याकडे जवळून पाहत बसले होते. आधी मिश्या तोंडातून ओढून काढल्या, मग पुढचे पाय, मग मागचे. काही मिनिटांत तो पूर्वीसारखा तपकिरी झाला आणि पानावर पांढरा ठिपका तेवढा उरला. हिरकणीने त्याला तासाभराने खाल्ले, म्हणजे तिच्या पोटात कॅल्शियम जवळजवळ गेलेच नाही. मागच्या घरी रोज पूड लावूनही ती पोटात किती जात असेल, याचा अंदाज येथे आला.

त्यावर उपाय म्हणून उभट, गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा घेतला, त्याच्या मागच्या बाजूला आतून जाळीची पट्टी चिकटवली आणि तो तापण्याच्या फांदीच्या खालच्या बाजूस टांगला. किडे जाळीवरून वर चढतात, बाहेर पडू शकत नाहीत आणि हिरकणीला समोर हलताना दिसतात. पूड चिमूटभरच घ्यावी आणि डबा दोनदा हलवावा. किड्यावर फिकट थर दिसला की पुरे. पांढरेशुभ्र झालेले किडे तिने तोंडात घेऊन टाकून दिले.

9 एप्रिल

डब्यातील पूड ओली होऊन तळाशी लगदा होत होता. फवारणीची वेळ आणि जेवणाची वेळ एकच होती, हे त्याचे कारण. आता पहाटे दिवे लागण्याआधी फवारणी होते, पाने सुकतात आणि सकाळी नऊच्या सुमारास जेवण दिले जाते.

पाण्याविषयी येथेच लिहिते, कारण पुडीचा आणि पाण्याचा संबंध जवळचा आहे. कॅमेलिऑन वाटीतले स्थिर पाणी सहसा पीत नाहीत. पानांवरचे थेंब ते चाटतात. पाणी कमी पडले तर कॅल्शियमचा भार मूत्रपिंडावर येतो. विष्ठेसोबत पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राचा भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद नारिंगी असेल तर नाही. सध्या तो पिवळसर आहे, म्हणून दुपारी दहा मिनिटे ठिबक नळीही लावली.

16 एप्रिल

आठवड्याभरात मागवलेल्या रातकिड्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले. त्यांना भरपूर ओला पाला टाकला होता, पेटीला हवा पुरेशी नव्हती, तळाशी बुरशी धरली आणि पेटी उघडली की नाकाला अमोनिया झोंबत असे. ही 22 डॉलरची खेप वाया गेली, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा पेटीतले उपाशी, आजारी किडे प्राण्याला देण्यात काही अर्थ नाही. किड्याच्या अंगावर लावलेली पूड ही भर आहे. खरा आहार किड्याच्या पोटातला.

पेटी नव्याने बांधली. झाकणात मोठी खिडकी कापून धातूची जाळी लावली, कारण प्लास्टिकची जाळी रातकिडे कुरतडतात. अंड्यांचे ट्रे उभे ठेवले, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि किडे वर कोरडे राहतात. पाण्याची वाटी काढून टाकली, त्यात किडे बुडत होते. त्याऐवजी गाजराचे आणि संत्र्याचे काप ठेवते. ओला पाला एका झाकणात ठेवून सकाळी उरलेला काढून टाकते.

पेट्या आता दोन आहेत. मोठ्या पेटीत किडे राहतात आणि वाढतात. लहान पेटीत, द्यायच्या आधी एक ते दोन दिवस, त्यांचे पोट भरले जाते. कॅल्शियममिश्रित कोरडे खाद्य फक्त या लहान पेटीत ठेवते, कारण अधिक कॅल्शियम असलेल्या खाद्यावर दीर्घकाळ ठेवलेले रातकिडे मरतात. आणि भरणी झाल्यावर लगेच द्यावे लागतात. दुकानातून आणून तसेच दिलेल्या रातकिड्याचे पोट बहुधा रिकामेच असते.

23 एप्रिल

भरणीचे खाद्य येथील भारतीय किराणा दुकानात जवळजवळ सगळे मिळाले. कोरड्या मिश्रणात शेवग्याच्या पाल्याची पूड, लसूणघासाची म्हणजे अल्फाल्फाची पूड, मधमाश्यांनी गोळा केलेला पराग आणि थोडे कॅल्शियम कार्बोनेट आहे. ओल्या भागात मोहरीचा पाला, कोलार्डची (कोबीवर्गातील एका पालेभाजीची) पाने, अंगणातली डँडेलियनची पाने, किसलेले रताळे, लाल भोपळा आणि आठवड्यातून एकदा पपई असते. अंगणात तणनाशक मारलेले नाही याची खात्री असेल तरच तेथली पाने घ्यावीत.

पालक, माठ, राजगिरा आणि चाकवत आमच्या घरात नेहमी येतात, परंतु ते या पेटीत जात नाहीत. त्यांत ऑक्झॅलेट अधिक असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे खाद्य कॅल्शियमयुक्त दिसूनही प्राण्याच्या उपयोगी पडत नाही. कोबी आणि फ्लॉवर कधीमधी चालतात, पण रोज नकोत, कारण त्यांतील घटक आयोडिनच्या वापरात अडथळा आणतात. डुबिया झुरळांना (सरड्यांच्या आहारासाठी पाळल्या जाणाऱ्या एका जातीला) मांजराचे किंवा कुत्र्याचे खाद्य घालण्याचा सल्ला मला एका विक्रेत्याने दिला होता, तो मी मानला नाही. डॉक्टरांच्या मते अशा प्रथिनांच्या भरमाराने झुरळांत युरिक आम्ल साठते आणि ते खाणाऱ्या कॅमेलिऑनला गाउटचा, म्हणजे सांध्यांत आणि अवयवांत युरिक आम्ल साठण्याच्या विकाराचा, धोका वाढतो.

30 एप्रिल

जीभ आता आठ-दहा सेंटिमीटर जाते. वजन 71 ग्रॅम.

जालना जिल्ह्यातील आमच्या आत्याशी फोनवर बोलताना हिरकणीचा विषय निघाला आणि तिने लगेच पानाच्या चुन्याची निवळी पाजायला सुचवले. आपल्याकडे लहान मुलांना आणि गरोदर बाईला निवळी देण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे हा प्रश्न इतरांच्याही मनात येईल. पानाचा चुना हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असून तो दाहक असतो. कॅमेलिऑनच्या जिभेला आणि घशाला त्याने इजा होऊ शकते. आपल्याला हवे ते कार्बोनेट. अंड्याचे टरफल कार्बोनेटच असते, म्हणून ते भाजून, मिक्सरमधून काढून, मलमलीतून गाळून पाहिले. रासायनिकदृष्ट्या ते योग्य असले तरी भुकटी कितीही गाळली तरी कणीदार राहते आणि किड्याच्या अंगाला चिकटत नाही. भरणीच्या खाद्यात मिसळायला मात्र ती चालली.

14 मे

त्याच फोनमधून एक उत्तम गोष्ट हाती लागली. आत्याच्या शेतात तुतीची व्ही-1 जात लावलेली आहे आणि ती वर्षाला रेशीम कोषांच्या अनेक बॅचेस घेते. येथे न्यू जर्सीत पांढरी तुती रस्त्याच्या कडेला, कुंपणांत, रेल्वेमार्गालगत आपोआप उगवते. रेशीमकिडा हे कॅमेलिऑनसाठी फार चांगले अन्न आहे. तो मऊ असतो, चरबी कमी असते, त्यात पाणी भरपूर असते आणि जबडा दुबळा असलेल्या प्राण्याला तो चावता येतो. सुपरवर्मचे कठीण कवच हिरकणीला अजून झेपत नाही.

दोनशे अंडी 15 डॉलरला मागवली. अळ्या बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात मोठ्या संख्येने मरू लागल्या. आत्याला व्हिडिओ दाखवताच ती म्हणाली, "अगं, पानं धुऊन तशीच ओली घालतेस होय? पुसून, सुकवून घाल. आणि चॉकीला शेंड्याचं कोवळं पान बारीक चिरून द्यायचं, खालचं जून पान मोठ्या अळीला." चॉकी म्हणजे अगदी लहान अळ्या. ओल्या पानांनी अळ्यांना रोग होतो, हे तिच्याकडे शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाने धुऊन, फडक्याने टिपून, पंख्याखाली सुकवून देऊ लागल्यावर मरतूक थांबली. रस्त्याच्या अगदी कडेची पाने धुराने आणि फवारणीने दूषित असू शकतात, म्हणून आता ती एका शेजाऱ्यांच्या परसातून आणते.

रेशीमकिड्यांवरही कॅल्शियमची पूड लावावी लागते, कारण त्यांच्यातही फॉस्फरसच अधिक असतो.

7 जून

हिरकणीला उन्हात बाहेर ठेवण्याचा आज पहिला दिवस ठरला होता. कॅनडातील वणव्यांच्या धुराने आकाश नारिंगी झाले असून हवा श्वास घेण्याजोगी नाही. खिडक्या बंद केल्या, हवा शुद्ध करणारे यंत्र तिच्या खोलीत हलवले. बाहेर नेणे पुढे ढकलले.

24 जून

आता आठवड्यातून तीन वेळा सकाळी अर्धा ते पाऊण तास ती जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर असते. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असतो आणि कोणीतरी सतत जवळ बसते. काचेची टाकी यासाठी कधीही वापरू नये, ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. ऊन मिळणाऱ्या आठवड्यात ड जीवनसत्त्वाची कोणतीही पूड देत नाही.

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आहारात आणल्या. नेहमीच्या किड्यांत त्या वेगळ्या पडतात, कारण त्यांच्या अंगातच कॅल्शियम फॉस्फरसहून अधिक असते आणि त्यांना पूड लावावी लागत नाही. अडचण अशी की, काही अळ्या न पचता जशाच्या तशा बाहेर पडल्या. म्हणून संख्या कमी ठेवली आणि काहींच्या माश्या होऊ दिल्या. माशीवर नेम धरणे हा जिभेला उत्तम व्यायाम आहे. मात्र अळीचे बरेचसे कॅल्शियम कोषाच्या टरफलात मागे राहते, त्यामुळे माशीला अळीसारखे समजू नये. तिच्यावर पूड लावावी.

8 जुलै

दुसरा एक्स-रे झाला. हाडांची घनता स्पष्टपणे सुधारली आहे, नवा अस्थिभंग नाही, जबडा घट्ट लागतो. वाकलेली कोपरे मात्र तशीच राहणार आहेत. हाड त्या आकारात पक्के झाले आहे. द्रवरूप कॅल्शियम बंद झाले. वजन 98 ग्रॅम. डॉक्टरांचे 240 डॉलर.

यापुढचे वेळापत्रक असे ठरले: प्रत्येक जेवणाला साधे कॅल्शियम, आणि महिन्यातून दोनदा, साधारण 1 आणि 15 तारखेला, ड आणि अ जीवनसत्त्व असलेली बहुजीवनसत्त्वाची पूड. वजनात झालेली वाढ पाहून मला आनंद झाला होता, परंतु डॉक्टरांनी पोटाला हात लावून अंडी धरल्याचे सांगितले.

23 जुलै

व्हेल्ड माद्या नराशिवायही अंडी घालतात. जितके जास्त खाणे आणि जितकी जास्त उष्णता, तितकी अंडी अधिक. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम आईच्या शरीरातून जाते. नुकत्याच सावरलेल्या हाडांवर हा भार मोठा आहे आणि अंडी अडकून राहिली तर जीवही जातो.

पिंजऱ्यात 30 सेंटिमीटर खोल ओलसर वाळूची बादली ठेवली. वाळू मुठीत दाबली तर गोळा राहावा आणि पाणी निथळू नये, इतकीच ओल हवी. पहिली वाळू फार कोरडी होती आणि तिने खणलेले भुयार दोनदा ढासळले, तेव्हा ती अर्धवट काम सोडून जाळीवर येरझारा घालू लागली. वाळू भिजवून, हाताने घट्ट दाबून, त्यात बोटाने एक सुरुवातीचे भोक करून दिले आणि पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी चादर लावली. कोणी पाहत असल्याचे कळले की ती खणणे थांबवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वाळूने माखलेली आणि सुकलेली वर आली. खाली 34 अंडी होती. वजन 79 ग्रॅम.

पुढचे दहा-बारा दिवस पाणी भरपूर, रेशीमकिडे आणि हॉर्नवर्म (एका पतंगाच्या मोठ्या हिरव्या अळ्या), आणि पुडीत खंड नाही, असा आहार ठेवला. हॉर्नवर्ममध्ये पोषण बेताचे असले तरी पाणी भरपूर असते आणि अंडी घातल्यावर तेच आधी हवे असते.

20 ऑगस्ट

डॉक्टरांच्या सल्ल्याने तापण्याच्या फांदीचे तापमान टप्प्याटप्प्याने 27 अंशांवर आणले आणि जेवण एक दिवसाआड चार-पाच किड्यांवर. ती डब्यासमोर येऊन माझ्याकडे पाहत राहते आणि अधिक द्यावेसे वाटते. देत नाही. व्हेल्ड समोर आलेले सगळे खातात, म्हणून त्यांच्या भुकेवरून मात्रा ठरवता येत नाही. ती जास्वंदीची पाने आणि कधी फूलही खाते, तेवढी मोकळीक तिला आहे.

15 ऑक्टोबर

उजवा डोळा दिवसा मिटलेला राहू लागला आणि डोळ्याभोवती कात अडकून राहिली. डॉक्टरांनी डोळा धुतला. संसर्ग किंवा बाहेरचा कण आढळला नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असावी, असे त्यांचे मत पडले. माझ्या बहुजीवनसत्त्वाच्या पुडीचा डबा तपासला तेव्हा त्यात अ जीवनसत्त्व फक्त बीटा-कॅरोटीनच्या रूपात होते. कॅमेलिऑन त्यापासून अ जीवनसत्त्व पुरेसे बनवू शकतात यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून थेट रेटिनॉल, म्हणजे तयार अ जीवनसत्त्व, असलेली पूड घेतली, 14 डॉलर. ती महिन्यातून दोनदाच द्यायची. रेटिनॉलही साठत जाते आणि अतिरेकाने गळ्याखाली सूज येते. डोळा लवकर बरा व्हावा म्हणून मात्रा वाढवणे हा मार्ग नव्हे.

उघडलेल्या डब्यातील जीवनसत्त्वे हवेने आणि दमटपणाने निकामी होतात. आता प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते आणि सहा महिन्यांनी, पूड उरली असली तरी, टाकून देते. साध्या कॅल्शियम कार्बोनेटला हा नियम लागू नाही, ते कोरडे ठेवले की पुरे.

5 नोव्हेंबर

डोळा दिवसभर उघडा राहतो.

26 नोव्हेंबर

थंडीत टपालाने येणारे रातकिडे गोठून मेले. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण मधले दिवस तारांबळ झाली. त्यामुळे डुबिया झुरळांची वसाहत घरातच केली आहे. ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, आवाज करत नाहीत, वासही नाही, आणि त्यांच्या पोटात भरणीचे खाद्य रातकिड्यांपेक्षा अधिक वेळ टिकते. पेटीखाली एका बाजूला उष्णता देणारी पट्टी आहे. फ्लोरिडात ही झुरळे पाळण्यास बंदी आहे, तेथील वाचकांनी डिस्कॉइड जातीची झुरळे पाहावीत. तुतीची पाने संपली असल्याने रेशीमकिड्यांना तुतीच्या पुडीचे शिजवलेले खाद्य देऊन पाहिले. पानांवर वाढलेल्या अळ्या त्याला तोंड लावत नाहीत. ज्यांना जन्मापासून ते दिले त्यांनीच ते खाल्ले.

24 फेब्रुवारी 2024

तिसरा एक्स-रे चांगला आला. वजन 104 ग्रॅम असून गेले तीन महिने, अंडी घालण्याचा काळ सोडला तर, त्याच्या आसपास स्थिर आहे. जानेवारीत तिने पुन्हा अंडी घातली, या वेळी 13, आणि वजन 90 च्या खाली गेले नाही. जीभ डब्यापर्यंत पूर्ण लांबीने जाते. खालच्या फांदीवरून वर जाताना वाकलेल्या पायाची पकड अजूनही कधी हुकते, म्हणून फांद्या जाड आणि खडबडीत सालीच्या निवडल्या आहेत आणि तळाशी दाट झाडे ठेवली आहेत.

डॉक्टरांची बिले वगळता दिवे, पूड, पेट्या आणि किडे मिळून खर्च 600 डॉलरच्या थोडा वर गेला. त्यांत सगळ्यांत स्वस्त कॅल्शियमची पूडच होती. तो डबा अजून अर्धाही संपलेला नाही. मीटर पुन्हा उसने आणून पाहिले तेव्हा वर्षभर चाललेल्या नळीचा निर्देशांक त्याच जागी 2.1 वर उतरलेला आढळला. नळी डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसते. नवी नळी मागवली आहे. ती बसवल्यावर फांदीची उंची पुन्हा मोजून ठरवायची आहे आणि एप्रिलअखेर तुतीला पालवी आली की रेशीमकिड्यांची अंडी मागवायची आहेत.